दावे : निरंक

कॉर्कहून शाल्मलीचा फोन, आई, एक पत्र हवंय.
विमा कंपनीच्या कागदावर, गोल शिक्क्यासकट,
की ही बाई पुण्यात इतकी वर्षं गाडी चालवायची
आणि तिनं कुणाचं काही मोडलेलं नाही.

तिथं म्हणे पुण्याचं लायसन्स पहिलं वर्षभर चाललं,
मग चालेनासं झालं. मग ती बसनं जायची.
आता छत्तिसाव्या वर्षी पुन्हा लेखी परीक्षा,
सक्तीचे बारा धडे,
काचेवर लाल एल,
आणि विम्याचा आकडा असा
की मी दोनदा विचारलं, युरो की रुपये?

नवशिकी म्हणतात तिला.
जी संध्याकाळी सातला स्वारगेटच्या चौकात
दोन पीएमटींच्या मधल्या फटीतून निघालेली आहे,
मागच्यानं हॉर्न वाजवला तर मान न वळवता
"उडू का आता?" म्हणालेली आहे,
तिला.

टिळक रोड, मधला जिना, दुसरा मजला.
खांबेट्यांनी फाईल काढली, थुंकी लावून पानं उलटली.
"पन्नास टक्के बोनस आहे हो तुमच्या गाडीला.
याच्या वर नसतोच."
मी बोलले नाही
की गाडी चार वर्षं पार्किंगमध्ये
करड्या कव्हराखाली उभी आहे,
जी हलतच नाही तिच्या हातून काय होणार.

"कधी काही झालं होतं?"
"नाही."

झालं होतं.
दोन हजार दहाचा चैत्र, कुंभारवेशीपाशी
माठांची उतरंड, आणि हिचा रिव्हर्स.
आवाज अजून कानात आहे :
आधी एक,
मग जरा थांबून बाकीचे सगळे.
कुंभारीण ओरडली नाही. म्हणाली, मोजा.
आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून
खापऱ्या निवडत राहिलो. बूड धरायचं, एक म्हणायचं.
सतरा भरले.
शाल्मलीचा पहिला पगार व्हायचा होता,
पर्समध्ये माझ्या भिशीचे पैसे होते, ते गेले.
निघताना बाईनं एक माठ आपणहून डिकीत ठेवला,
काठाचा टवका उडालेला.
"हा आता विकला जायचा नाही. न्या. पाणी गार होतं."

पाणी खरंच गार होतं.

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?
खांबेट्यांनी दोन बोटांनी टाइप केलं, दावे : निरंक.
शिक्का मारला. शाईवर फुंकर घातली.

जिन्यात थांबून मी पुन्हा वाचलं.
निरंक. शब्द चांगला आहे.
मीही तिला आजवर
ये म्हटलेलं नाही.

आणखी एक नियम आहे तिथला,
शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवालं माणूस हवं.
म्हणजे मी चालले नसते.
आळंदी रोडच्या परीक्षेआधी दोन महिने
रोज पहाटे मीच बसायचे डावीकडे,
गाडीतलं ओ की ठो कळत नसताना,
कर्वे रोडवर कुत्रं आडवं आलं की
नसलेला ब्रेक दाबायचे.

आता दानुता बसते. शेजारची, पोलंडची,
हॉस्पिटलात रात्रपाळी करून येते.
"घाबरते का गं ती?"
"छे. झोपते."

रविवारी वॉचमनचा महादू कव्हर काढतो,
बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतो.
मी डावीकडे बसते. पायाखालचं रबर
एकाच जागी झिजलंय, उजव्या टाचेपुढे.
गाडी जागची हलत नाही.
महादू मोबाईल बघत असतो.
तरी समोरची भिंत जवळ आल्यासारखी वाटते
आणि पाय दाबला जातो.